शेरा : माणूस बरा वाटला

भिवंडीत नवी वस्तू घ्यायला गेलात तर तुम्ही कोण, कुठले, हे कुणीही विचारत नाही. रोख मोजा, टीव्ही टेम्पोत चढतो. दुकानदार वर थंड पेय पाजतो आणि "सर" म्हणतो. तोच टीव्ही सात वर्षांनी विकायला काढा. लगेच तुमचं आधार कार्ड, वीजबिल, मूळ पावती आणि तुमच्या वडिलांचं नाव या सगळ्याची गरज पडते. पैसे देणारा सज्जन आणि पैसे घेणारा संशयित, अशी आपल्या व्यवस्थेने माणसांची सरळ वाटणी करून टाकली आहे.

आमच्या घरात बंद पडलेल्या आणि बंद पडू घातलेल्या मोबाइलसाठी एक स्वतंत्र खण आहे. दिवाळीची साफसफाई आली की त्या खणाची आठवण निघते. "अहो, निदान यातला चालू आहे तेवढा तरी विका," असं हिने फर्मावलं आणि मी धामणकर नाक्याकडे निघालो. तिथल्या एका गाळ्यात काचेचं काउंटर होतं, आत जुने मोबाइल ओळीने झोपवलेले होते आणि वर 'जुना मोबाइल घेणे-देणे' अशी पाटी होती.

"बिल आहे, काका?"

"इतक्या जुन्या मोबाइलचं बिल कोण ठेवतं?"

"डबा?"

"डब्यात आमच्या मंडळींच्या सुया आणि बटणं आहेत."

"चार्जर?"

"तो अजून वापरात आहे."

दुकानदाराने एक सुस्कारा सोडला आणि गल्ल्याखालून लाल कापडी बांधणीची लांबट वही काढली. "मग आधार द्या."

ती वही म्हणजे एक पाहण्यासारखी चीज आहे. मध्ये सुतळी घातलेली, कोपऱ्यांवर चहाचे गोल डाग. रकाने हाताने आखलेले : तारीख, नाव, वडिलांचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर, आयएमईआय, आधार, रक्कम, अंगठा, सही. आणि अगदी शेवटी, पट्टी संपली म्हणून थोडा वाकडा झालेला रकाना : शेरा.

"वडिलांचं नाव?"

"वडील आता नाहीत."

"नाव तर आहे ना, काका?"

हा मुद्दा बिनतोड होता. मी नाव सांगितलं. सही येत असूनही अंगठा द्यावा लागला. तो जांभळ्या शाईत बुडवून उमटवला आणि पुसायला त्याने मला आदल्या दिवशीचा पेपर दिला. एवढं सगळं होईपर्यंत वही माझ्यासमोर उघडीच होती आणि माणसाचे डोळे देवाने पुढच्या बाजूला दिले आहेत. वरच्या नोंदींचे शेरे मी वाचले. 'बायको बरोबर होती.' 'बिल नाही पण चेहरा पाहिलेला.' 'घाईत.' 'दोनदा शपथ घेतली.' 'माणूस बरा वाटला.' एके ठिकाणी नुसतं 'फार गोड बोलला' असं लिहून खाली लाल शाईने रेघ मारली होती. पोलीस खात्यात एखाद्या मुरलेल्या हवालदाराला जमणार नाही एवढं मानसशास्त्र त्या दीड इंचाच्या रकान्यात होतं.

त्याच पानावर, बरोबर चार ओळी वर, आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांचं नाव होतं.

या गृहस्थांचा मोबाइल मागच्या महिन्यात कल्याणच्या शेअर रिक्षात मारला गेला होता. निदान सोसायटीला तरी तसंच ठाऊक होतं. आम्ही त्यांच्या घरी जाऊन हळहळ व्यक्त करून आलो होतो. चहाही झाला होता. भिवंडीत आता माणसाने वावरायचं कसं, यावर त्यांनी स्वतः अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. सासऱ्यांनी जावयाचं दुःख न बघवून नवा कोरा फोन घेऊन दिला होता. आणि इथे वहीत त्यांची स्वच्छ सही, जांभळा अंगठा, रक्कम ३,८०० आणि शेरा : 'माणूस बरा वाटला.'

मी सभ्य माणसासारखी नजर दुसरीकडे वळवली. पूर्ण नोंद वाचून झाल्यावर.

आता सांगा, त्या वहीत चोर किती सापडले असतील? एकही नाही. सापडला तो एक जावई. चोर आधार कार्ड घेऊन, वडिलांचं नाव सांगून, अंगठा टेकवून फोन विकत नाही. एवढा वेळ त्याला नसतो. तो जिथे विकतो तिथे वहीही नसते आणि पाटीही नसते. वही भरते ती माझ्यासारख्यांच्या नावांनी.

पण दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याने हा छंद म्हणून आरंभलेला नाही. भिवंडी ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते आणि आयुक्तालय म्हटलं की मनाई आदेश आले. पूर्वी ज्याला कलम १४४ म्हणत, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं. चौकात पाच माणसं जमू नयेत म्हणून हे कलम असतं, एवढंच आपल्याला वर्तमानपत्रातून ठाऊक. पण राज्यात याच कलमाच्या पोटातून भाडेकरूंची माहिती, लॉजमधल्या पाहुण्यांची नोंद, जुन्या गाड्या आणि जुने मोबाइल विकणाऱ्यांच्या वह्या असे नाना आदेश निघत असतात. आदेशाचं आयुष्य सर्वसाधारणपणे दोन महिने. दोन महिन्यांनी नवा निघतो, मजकूर तोच, तारीख नवी. दोन आदेशांच्या मध्ये आठवडाभराची फट पडली तर त्या आठवड्यात वही भरायची का, असं मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "काका, आदेश कुठे वाचतो आपण. साहेब येतात तेव्हा वही दाखवायची." आदेशाचा भंग केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. साहेब मात्र नावानिशी, बदलीच्या तारखेसकट ठाऊक होते.

त्याची खरी भीती निराळी. चोरीचा माल जाणूनबुजून घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम आता न्याय संहितेत ३१७ झालं आहे, पण जुन्या बाजारात सगळे अजून 'चारशे अकरा'च म्हणतात. त्याच्या जोडीला १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२४ आहे. चोरीची असावी असा वहीम येईल अशी वस्तू तुमच्याजवळ सापडली आणि ती कुठून आली याचा समाधानकारक खुलासा तुम्हाला देता आला नाही, तर तोच गुन्हा. हे कलम वाचून मी घाबरून माळ्यावर चढलो. तिथे तीन कॅसरोल, एक बिनझाकणाचा कुकर, दोन भिंतीवरची घड्याळं आणि एक पितळी हत्ती आहे. यातली कोणती वस्तू कुणी, कोणाच्या लग्नात, कशासाठी दिली, याचा समाधानकारक खुलासा आमच्या घराण्यात कुणीही देऊ शकणार नाही.

पोलिसांची बाजूही खोटी नाही. १० नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या गाडीत स्फोट झाला, ती हातोहात विकली गेलेली जुनी गाडी होती. तपास अशा वेळी एका विक्रेत्याकडून दुसऱ्याकडे, पावतीवरून पावतीकडे सरकतो आणि मध्ये एका ठिकाणी कुणी वही ठेवलेली नसली की तिथे अडकतो. हे कळतं. त्यावर विनोद करण्यासारखं काही नाही.

विनोद सुरू होतो तो भिवंडीत. कारण हे शहरच मुळी सेकंडहँड मालावर उभं आहे. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथे आले, इथल्या कारखानदारांनी ते तेल घालून, पट्टे बदलून चालवले, आणि त्यातून देशातलं एक मोठं यंत्रमागाचं केंद्र झालं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. गिरण्यांचे धोटे थांबले तेव्हा भिवंडीचे थांबले नाहीत. पुढे ज्या गिरण्या उघडल्याच नाहीत, त्यांचं काम इकडे वळलं. मुंबईने टाकलेलं भिवंडीने उचललं, हा आमचा अलिखित नगरधर्म आहे. आता तेच माग पुन्हा भंगारात चालले आहेत, या वेळी किलोच्या भावाने. आमच्याकडे गल्लीत हातगाडीवाला "लोखंड, पत्रा, डबा-बाटली" असं ओरडत जातो तेव्हा एखाद्या कारखान्यातून "माग घेतोस का?" असं विचारणारा माणूस बाहेर येतो, आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

त्यात भर पडली गोदामांची. पूर्णा, काल्हेर, माणकोली, दापोडा, एकेकाळी भाताची शेतं असलेल्या या गावांत आता अर्ध्या महाराष्ट्राची खरेदी रात्रभर वर्ग होत असते. आणि जिथे एवढा माल, तिथे तेवढाच पुठ्ठा. न आवडलेला, न बसलेला, न घेतलेला माल परत येतो, माल आत जातो आणि खोका बाहेर येतो. तो थेट पुठ्ठेवाल्याकडे.

अशा एका पुठ्ठ्याच्या वखारीसमोर एकदा रिक्षा अडकली म्हणून मी उभा होतो. खोक्यांच्या थप्प्या छपरापर्यंत. प्रत्येक खोक्यावर चिकटवलेला पांढरा कागद, त्यावर नाव, पत्ता, कुठेकुठे मोबाइल नंबर आणि सूचना. 'तिसरा मजला, बेल वाजत नाही, हाक मारावी.' 'दुपारी दोननंतर आणू नये, बाळ झोपतं.' 'घरी कोणी नसेल तर शेजारच्या काकूंकडे द्यावे, समोरच्यांकडे देऊ नये.' या शेवटच्या ओळीत एका मजल्याचं अख्खं महाभारत होतं. कोणत्या घरात दिवसा कुणी नसतं, कुठे बाळ आहे, कुठली बेल बंद आहे, हे सगळं मी दहा मिनिटांत, कुणालाही आधार न दाखवता, फुकट वाचलं. वखारवाल्याला मात्र यातलं काही वाचायची हौस नव्हती. तो खोका ओला आहे की कोरडा एवढंच बघत होता. ओल्याचं वजन जास्त भरतं.

खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं. त्यावर कायदा यायला सहा वर्षं गेली : डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यातल्या मुख्य तरतुदींना पुढे आणखी अठरा महिन्यांची मुदत दिली. एवढ्या काळात आमच्या दुकानदाराच्या किती वह्या भरल्या असतील.

पण खरी गंमत कायद्याच्या पोटात आहे. हा कायदा डिजिटल माहितीला लागू होतो. कागदावर घेतलेल्या माहितीला लागू होतो तो ती पुढे डिजिटल केली तरच. म्हणजे लाल वहीत माझा आधार क्रमांक, वडिलांचं नाव आणि जांभळा अंगठा शाईने लिहून ती वही काउंटरवर उघडी टाकली, तर हा कायदा तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. पण दुकानातल्या पोराने त्याच आधार कार्डाचा मोबाइलवर फोटो काढला, की कायदा खडबडून जागा होतो. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. आकडा मी दुकानदाराला सांगितला. त्याने आधी पोराकडे पाहिलं, मग काउंटरमधल्या सगळ्या मोबाइलकडे पाहिलं, मनात बेरीज केली आणि म्हणाला, "कमी पडतील."

पोरगं मात्र थांबलं नव्हतं. त्याने माझ्या आधारचा फोटो काढून 'पोलिसवाला ग्रुप' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून दिला होता. त्या ग्रुपवर पोलीस किती आहेत, असं विचारलं. "एकपण नाही. आपले दुकानवालेच आहेत सगळे. साहेबांनी मागितलं तर शोधायला सोपं."

आधारची झेरॉक्स द्यावी की नाही, याबद्दल सरकारचंही मत एके काळी दोन दिवसांत बदललं होतं. २७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने प्रसिद्धिपत्रक काढलं : आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, द्यायचीच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं 'मास्क' आधार द्या. देशभर एकच घबराट उडाली, कारण तोवर प्रत्येकाने लॉजपासून जिमपर्यंत सगळीकडे झेरॉक्स वाटून झाल्या होत्या. २९ मेला पत्रक मागे घेतलं. गैरसमज होऊ शकतो म्हणून मागे घेतो, कार्ड वापरताना नेहमीची खबरदारी घ्या, असं सांगितलं. नेहमीची खबरदारी म्हणजे आपल्याकडे झेरॉक्सवर तिरकी सही करणं. तिने नेमकं काय साधतं हे कुणी सांगू शकत नाही, पण सही तिरकी असली की मन सरळ होतं.

बरं, एवढी माहिती गोळा करून झाल्यावर मूळ मुद्द्याचं काय? हा फोन चोरीचा आहे का, हे कुणी पाहिलं?

प्रत्येक फोनला पंधरा आकडी आयएमईआय असतो. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की पडद्यावर येतो. 'केवायएम' लिहून पुढे तो नंबर घालून १४४२२ वर मेसेज पाठवला, किंवा दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी'वर टाकला, की हा फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. ही सोय मे २०२३ पासून सगळ्या देशाला आहे. ऑक्टोबर २०२५ च्या दूरसंचार नियमांनी तर जुन्या फोनचा धंदा करणाऱ्यांनी विक्रीआधी नंबर तपासावा, असंच सांगितलं. आयएमईआयमध्ये फेरफार केला तर २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. म्हणजे फोनची कुंडली एका मेसेजमध्ये निघते आणि त्यात माझ्या वडिलांचं नाव कुठेही लागत नाही.

"नंबर तपासला?" मी विचारलं.

"लिहिला ना," दुकानदार म्हणाला आणि रकाना दाखवला. नंबर सुवाच्य अक्षरात लिहिला होता. चौदा आकडे होते.

इथेच माझं आणि आदेशाचं जमत नाही. चौकशी मालाची करा, माणसाची नको. जुन्या गाड्यांच्या बाबतीत केंद्राने हे थोडंफार केलंय. डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने, १ एप्रिल २०२३ पासून, जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओकडे नोंद करायची, गाडी त्याच्या ताब्यात गेली की मालकाने तसं ऑनलाइन कळवायचं, आणि तिथून पुढे गाडीची जबाबदारी विक्रेत्याची. किती विक्रेते हे पाळतात तो वेगळा विषय. पण निदान प्रश्न गाडीच्या मागे जातो, आणि माझं आधार कार्ड चहाच्या डागांखाली पडून राहत नाही.

शिवाय वहीपेक्षा कितीतरी जास्त माहिती खुद्द फोनमध्ये असते, आणि ती देताना कुणी कुरकुर करत नाही. दुकानातलं पोरगं सांगत होतं, रीसेट न करता फोन देणारे रोज येतात. लग्नाचे व्हिडिओ, सोनोग्राफीचे रिपोर्ट, पासबुकाचे फोटो, सगळं तसंच. "आणि काका, एटीएमचा पिन लोक कॉन्टॅक्टमध्ये ठेवतात. नाव लिहितात 'एटीएम काकू'. त्यांना वाटतं कुणाला कळणार नाही." अंगठा देताना ज्याचा हात थरथरतो, तोच माणूस अख्खा संसार काउंटरवर ठेवून वर दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो.

निघताना एकच शंका होती. "वही भरली की काय करता?"

"ठेवतो ना वर्ष-दोन वर्षं. माळ्यावर."

"आणि मग?"

त्याने शेजारच्या रद्दीच्या गाळ्याकडे मान वळवली. "मग काय, किलोवर. कापडी बांधणीला थोडा कमी भाव येतो, पुठ्ठा वेगळा काढावा लागतो."

म्हणजे माझ्या वडिलांचं नाव, माझा पत्ता आणि सोसायटीतल्या त्या गृहस्थांच्या संसाराची शांतता पुढेमागे कुणाच्या तरी भेळीच्या पुड्याला लागणार आहे. भेळवाल्याला वाचायला वेळ नसतो हे खरं. पण भेळ खाणाऱ्याला असतो. पुडा संपल्यावर त्यावरचा मजकूर वाचणं हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा वाचनसंस्कार आहे.

माझ्या नोंदीसमोर त्याने काय शेरा लिहिला ते मी विचारलंच. 'भाव केला.'

तुम्ही जुना फोन विकायला निघालात तर आधी तो रीसेट करा, 'एटीएम काकूं'ना निरोप द्या, आधार मास्क केलेलं न्या आणि त्यावर कशासाठी, कुणाला, कधी दिलं हे लिहा. दुकानदाराने फोनचा नंबर तुमच्यासमोर तपासावा असा आग्रह धरा, त्यात त्याचंही भलं आहे. आणि पोलीस आयुक्तालयाला हात जोडून एक विनंती : पुढच्या दोन महिन्यांचा आदेश काढाल तेव्हा त्यात एवढं एक वाक्य घाला, की वही किती दिवस ठेवायची, कुणी उघडायची आणि मुदत संपल्यावर ती कशी नष्ट करायची. फक्त 'नष्ट करणे' म्हणजे काय ते जरा फोड करून लिहा. आमच्या भिवंडीच्या भंगारवाल्यांना तो प्रकार ठाऊक नाही. त्यांच्याकडे काहीच नष्ट होत नाही, सगळ्याला भाव असतो.